यादीत नाव घालण्यापूर्वी

चि. भाचीस,


दूध संस्थेचे रिपोर्ट आता तू काढणार, हे ताईकडून कळलं. गाईच्या दुधाला फॅट कमी लागणाऱ्या सभासदांची यादी सचिव दर दहा दिवसांनी मागतील. त्या यादीत नाव आलं की दुधात पाणी घालतो असा संशय येतो आणि तो सहजी पुसला जात नाही. म्हणून हे पत्र.

एसक्यूएलमध्ये गाळण्याच्या जागा दोन. व्हेअर एकेक नोंद तपासतं. ग्रुप बायने गट पडले की हॅविंग अख्खा गट तपासतं. व्हेअरने टाकलेली नोंद पुढच्या कुठल्याच सरासरीत येत नाही.

समज, एका सभासदाच्या दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून 20 नोंदी आहेत. दुधाचे लिटर दर वेळी सारखेच. 18 वेळा फॅट 3.8 लागली, दोनदा 3.3. सरासरी 3.75, म्हणजे 3.5 या मर्यादेच्या चांगली वर. पण ‘फॅट 3.5 पेक्षा कमी’ ही अट तू व्हेअरमध्ये घातलीस, तर चांगल्या 18 नोंदी गटात पोचतच नाहीत. उरलेल्या दोन नोंदींची सरासरी 3.3 येते आणि निर्दोष माणूस यादीत जातो. संगणक काही बोलत नाही. सरासरीच व्हेअरमध्ये लिहिलीस तर तो लगेच अडवेल. त्या चुकीची मला भीती नाही. भीती आहे ती या मुकाट्याने चालणाऱ्या चुकीची. सरासरीची अट हॅविंगमध्येच हवी.

तारखा आणि ‘गाय’ ही अट मात्र व्हेअरमध्येच ठेव. नाहीतर ज्याच्या गोठ्यात म्हशीही आहेत, त्याची सरासरी म्हशीच्या दुधाने फुगेल. आणि खरी सरासरी लिटर धरूनच काढ: प्रत्येक नोंदीचे लिटर गुणिले फॅट, त्यांची बेरीज, भागिले एकूण लिटर.

कमी दूध घालणाऱ्यांची यादी मागितली तर आणखी जप. ज्याने थेंबभरही दूध घातलं नाही, त्याचा गटच पडत नाही. हॅविंगला तो दिसणार कसा? तिथे सभासदांच्या टेबलापासून लेफ्ट जॉइन कर, तारखेची अट ऑनमध्ये ठेव आणि रिकामी बेरीज शून्य धर.

यादी सचिवांच्या हाती देण्याआधी तिच्यातल्या एका तरी सभासदाच्या सगळ्या नोंदी उघड आणि हाताने हिशेब करून बघ. घाईच्या दिवशीही हे टाळू नकोस.

तुझा,
मामा