परक्या मातीत रुजलेली बाग

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-१४



ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी आश्विनात उज्जैनच्या बागेत पाऊल टाकताच मन खट्टू होते. क्षिप्रेचे पात्र रोडावलेले असते. माळव्याच्या काळ्या मातीला भेगा पडू लागतात. झेंडू खुरटलेला, कर्दळीच्या पानांच्या कडा करपलेल्या, सीताफळे लहानच राहिलेली. माळ्याच्या साऱ्या उन्हाळ्याच्या आशेचे हे फळ!

यांतील एकही झाड मूळचे इथले नव्हे. झेंडू, कर्दळ व सीताफळ अमेरिका खंडातून आली. फाटकाशी उभा असलेला गुलमोहर मादागास्कर बेटाचा. तरी आज दसऱ्याचे तोरण झेंडूवाचून होत नाही आणि त्याला कोणी परका म्हणत नाही. कारण जिथे लावले तिथे त्याने मूळ धरले व तिथल्याच दारांना आपली फुले दिली.

आपल्या मंडळीलाही लोक परदेशी रोपटे म्हणतात. शिवाय आपण माळव्यातील मराठी माणसे. १८१० पर्यंत उज्जैन शिंद्यांची राजधानी होती. तेव्हापासून येथे मराठी घरे आहेत. आज आपली मुले हिंदीत खेळतात. उपासनेला बाके रिकामी राहिली, शब्बाथ शाळेत चारच मुले आली, की मनात येते : ही माती आपली आहे काय?

बाबेलातील बंदिवानांपुढे हाच प्रश्न होता. लवकर सुटका होईल, असे सांगणारे संदेष्टे पुष्कळ होते. यरुशलेमेत हनन्याने तर दोनच वर्षांची मुदत दिली (यिर्मया २८:३). दोन वर्षांत निघून जाणारा झाड कशाला लावील? परंतु यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली. म्हणून घरे बांधा, बागा लावा, असे त्याने लिहिले. आणि ज्या नगरात देवाने तुम्हांस नेले, त्याचेच हित पाहा व त्यासाठी प्रार्थना करा, अशी आज्ञा कळविली.

मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणारे विल्यम केरी हेही परक्या मातीतलेच. बंगालमधील श्रीरामपूर येथील त्यांची बाग १८२३ च्या पुरात उद्ध्वस्त झाली. त्यांनी ती पुन्हा लावली.

पाऊस ओसरल्यावर जाणता माळी झाडे उपटीत नाही आणि हातावर हात ठेवून बसतही नाही. तो वरची माती खुरपून भेगा बुजवितो, मुळांशी पालापाचोळा पसरतो. त्याने पाऊस येत नाही. पण जी ओल मिळाली ती उडून जात नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या भेगा आपणांस ठाऊक आहेत. एकाच मंडळीतील दोन घरे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. खुरपे आधी तिथे चालू द्या. शिक्षकहो, न आलेल्या मुलांचा विचार करताना आलेल्या चौघांना विसरू नका. या महिन्यात त्यांच्या घरी जा. आणि बागेत दोनच फुले असली, तर त्यातील एक शेजारच्या आजाऱ्याच्या उशाशी जाऊ द्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो. नगराचे हित तिथूनच सुरू होते.

हे प्रभो, तू लावलेस तिथे आम्हांस मूळ धरू दे, आणि या नगरास आमच्यामुळे शांती लाभू दे. आमेन.