मोहिमेआधीच गेलेले

इंग्लंडच्या यॉर्कशर भागात बकडन पाइक नावाचा सातशे मीटर उंचीचा डोंगर आहे. ३१ जानेवारी १९४२ रोजी बर्फाच्या वादळात एक वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान त्यावर आदळले. आत सहा पोलिश तरुण होते. ब्रॅमकोटच्या प्रशिक्षण तळावरून ते सरावासाठी निघाले होते. त्यांपैकी पाच जण मरण पावले. सहावा मोडलेल्या घोट्यानिशी, बर्फात उमटलेल्या कोल्ह्याच्या पावलांचा माग काढत खाली उतरला. भुकेले जनावर वस्तीकडेच जाणार, हा त्याचा होरा खरा ठरला आणि क्रे नावाच्या वाडीतल्या लोकांनी त्याला आसरा दिला. पुढे १९७३मध्ये त्यानेच अपघाताच्या जागी क्रूस उभारला आणि त्याच्या तळाशी त्या कोल्ह्याचे ब्राँझचे मुखही बसवले. ब्रिटनच्या डोंगराळ भागात अशी कितीतरी छोटी स्मारके आहेत. बरीचशी गावकऱ्यांनी किंवा नातलगांनी उभारलेली. रणांगणावर न पोहोचताच गेलेल्यांची आठवण अशी स्मारकेही जपतात. मला ती रणांगणावर गेलेल्यांच्या आठवणीइतकीच महत्त्वाची वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की स्मारक पराक्रमाचे असावे. सरावात मेलेल्याने शत्रूचे काय बिघडवले? पण हा निकष लावायचा तर सगळ्यांनाच लावावा लागेल. ब्रिटिश सरकारने १९४१मध्ये करवून घेतलेल्या बट अहवालात हवाई छायाचित्रे तपासली गेली. ज्या विमानांनी लक्ष्यावर हल्ला केल्याचे सांगितले होते, त्यांतली जेमतेम एक तृतीयांश लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती, असे त्यातून दिसले. म्हणजे मोहिमेवर गेलेल्या अनेकांचे बॉम्बही उघड्या शेतांवर पडले. तरी त्यांचा मृत्यू व्यर्थ होता असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. माणसाने स्वतःहून काय पत्करले ते आपण पाहतो. वारा, ढग आणि नशीब त्याच्या हातात नसतात. बॉम्बर कमांड या ब्रिटिश बॉम्बफेकी दलाच्या विमानांतले सगळेच स्वयंसेवक होते. त्यांतले ५५,५७३ युद्धकाळात मरण पावले, आणि त्यांपैकीच सुमारे आठ हजार जण मोहिमांबाहेरच्या अपघातांत गेले. या आठ हजारांनीही तीच तयारी दाखवली होती.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. याच बॉम्बफेकी दलाने हँबुर्ग आणि ड्रेस्डेन जाळले. हजारो स्त्रिया आणि मुले त्यात होरपळली. त्या दलाच्या वैमानिकांना फुले का वाहायची? सरावातल्या मुलांनी अजून एकही बॉम्ब टाकला नव्हता, असे म्हणून सुटका करून घेता येईल, पण ते उत्तर प्रामाणिक नाही. जगले असते तर तेही गेले असते. माझ्या मते शोक करणे आणि समर्थन करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. डोंगरावरचा तो क्रूस कोणत्याही शहराच्या विध्वंसाचे समर्थन करत नाही. पाच तरुण इथे गेले आणि एकाला इथल्या लोकांनी वाचवले, एवढेच तो सांगतो. हँबुर्गच्या मृतांसाठी शोक करणाऱ्यालाही त्याच्यापुढे मान झुकवता येते.

माझे खरे भांडण स्मारकाशी नाही, त्यावर सहज कोरल्या जाणाऱ्या ‘बलिदान’ या शब्दाशी आहे. मोहिमांवर वापरून थकलेली विमाने प्रशिक्षणाला दिली जात, नवख्यांना रात्री आणि खराब हवेत उडवले जाई, कारण युद्धाला वैमानिक हवे होते. यातले काही अटळ होते, काही टाळता येण्यासारखे. सगळ्यालाच बलिदान म्हटले की टाळता येण्यासारख्याचा हिशेब कोणी मागत नाही. मृत्यूचा मान राखणे म्हणजे त्याचे कारणही विचारणे. कारण विचारल्याने मृताची प्रतिष्ठा उणावते असे म्हणणाऱ्यांना बहुधा मृतापेक्षा अधिकाऱ्यांच्या प्रतिष्ठेची जास्त काळजी असते. हा प्रश्न १९४२च्या इंग्लंडपुरता नाही. आपल्या हवाई दलात तरुण वैमानिक हळू उडणाऱ्या प्रशिक्षण विमानावरून थेट वेगवान मिग-२१वर जात. मधल्या टप्प्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीने १९८२मध्ये केली होती. अशी विमाने, म्हणजे हॉक, दलात दाखल झाली २००८मध्ये. मधल्या सव्वीस वर्षांत शिकताना गेलेल्यांची नावे कोरताना त्यांच्याशेजारी ही दोन सालेही कोरली पाहिजेत.