नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मुलाचे नाव ठेवणे आणि मुलास नावे ठेवणे ह्या दोन क्रियांत आपली भाषा जवळजवळ वचनापुरताच भेद करते. हा भेद किती निसरडा आहे हे पाहण्यास अमेरिकेतील एका नृत्यासाठी रूढ झालेला ‘जिटरबग’ हा शब्द चांगला उपयोगी पडतो.

‘जिटर्स’ म्हणजे अंगास सुटणारा कंप आणि ‘बग’ म्हणजे किडा. 1934 साली कॅब कॅलोवे ह्या कृष्णवर्णीय गायकाने ह्या शब्दावर जे गाणे केले, त्यात मद्यप्यांच्या थरथरीची थट्टा होती. पुढे स्विंग संगीताच्या शौकिनांस आणि त्यावर नाचणारांस तेच नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी तो नाच इंग्लंडातही नेला.

परंतु न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 1926 साली उघडलेल्या सॅव्हॉय नाचघरात, जेथे काळे आणि गोरे एकत्र नाचत, त्या नृत्यास स्वतःचे नाव होते: लिंडी हॉप. मुख्यतः आठ मात्रांच्या आवर्तनात जोडीने परस्परांपासून दूर व्हावयाचे, आपापली करामत दाखवावयाची आणि नेमक्या वेळी पुन्हा जवळ यावयाचे, असा त्याचा क्रम. 1935 च्या सुमारास फ्रँकी मॅनिंगने जोडीदारणीस पाठीवरून उलटी फिरवून तालावर जमिनीवर उतरविण्याची उडी त्यात आणली. ज्याचे अंग खरोखर कापत आहे, त्याच्या हातून हे होणे नाही. कंप नर्तकाच्या अंगात नव्हता. मात्रा न कळणाऱ्या प्रेक्षकाच्या दृष्टीत होता.

यावर कोणी म्हणेल की, नाचणाऱ्या कित्येक तरुणांनी तो शब्द आनंदाने मिरविला, मग त्यात दोष कसला? हा आक्षेप पोकळ नाही. शब्दाचा डंख तो अंगावर घेणाराच काढू शकतो. पण क्षमा मिळाली म्हणून अपराध घडलाच नव्हता, असे ठरत नाही. स्वतःस हसून जिटरबग म्हणणाऱ्याचा अधिकार, नृत्य न समजता दुसऱ्यास तसे म्हणणाऱ्याकडे आपोआप जात नाही.

म्हणून परक्या कलेविषयी बोलताना आम्हांस दोन प्रश्न आवश्यक वाटतात. तिच्या माणसांनी तिला काही नाव दिले आहे काय? आणि आपण योजिलेला शब्द तिचे वर्णन करतो, की आपल्या अज्ञानाचे? पहिल्याचे उत्तर शोधण्याचे श्रम जो घेतो, त्याच्यावर दुसऱ्याच्या उत्तराने खजील होण्याची पाळी सहसा येत नाही.