वाद घालायला माणसं हवीत

ठाणे-कल्याण पट्ट्याला ऐकण्याची सवय जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. व्याख्यानमालांचे श्रोतेही इथे निष्ठावंत. पण व्याख्यानात एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. शेवटी दोन-चार चिठ्ठ्यांवरच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात, आभारप्रदर्शन होते, आणि न पटलेले मनात ठेवून आपण घरी येतो. तत्त्वज्ञानाचे एवढ्याने भागत नाही. तिथे प्रतिप्रश्न करणारा माणूस समोर लागतो.

आपल्या परंपरेने हे केव्हाच ओळखले होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खोडून काढणारी वितंडा. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन चर्चेआधीच मिलिंद राजाला अट घालतो: पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे नको. चूक दाखवली म्हणून पंडित रागावत नाहीत, राजे मात्र शिक्षा देतात.

डोंबिवलीतल्या एका लहानशा तत्त्वज्ञान-चर्चा गटात मी जाऊ लागले, तेव्हा या अटीचे मोल कळले. आठ-दहा माणसे, वक्ता नाही, व्यासपीठ नाही. एका रविवारी विषय निघाला तो रोजच्या लोकलचा. सकाळी डोंबिवलीहून उलट कल्याणला जायचे आणि तीच गाडी मुंबईकडे निघेपर्यंत जागा धरून बसायचे, हे योग्य का? एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने कांटची कसोटी लावली: सगळेच असे करू लागले तर? ही युक्ती चालते ती बहुतेक जण ती करत नाहीत म्हणूनच. त्यावर एक परिचारिका म्हणाली, “दिवसभर उभी असते हो मी. तासभर बसले तर कुणाचं काय बिघडलं?” “कल्याणला जिची जागा गेली, तीही दिवसभर उभीच असेल,” कुणीतरी म्हणाले.

आमच्याकडे एक नियम आहे. खंडन करण्याआधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडायचे. म्हणजे जुन्या शास्त्रकारांचा पूर्वपक्षच. बँकेतले काका परिचारिकेचे म्हणणे मांडत राहिले आणि ती नकारार्थी मान हलवत राहिली. आपल्याला सवलत हवी असे ती म्हणतच नव्हती. गाड्या अपुऱ्या असताना सगळा दोष प्रवाशाच्या नीतीवर का, असा तिचा प्रश्न होता. काकांना तो नेमका मांडता आला, तेव्हा त्यांचा आक्षेपही बदलला होता. व्यवस्था अन्यायी असली म्हणून आपले एकमेकांशी असलेले कर्तव्य संपते का, असे ते विचारू लागले. एकट्याने कांट वाचून आम्ही कुणीच या प्रश्नापर्यंत पोचलो नसतो.

हे सारे मराठीत होऊ शकते. अंमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. १९७४ मध्ये मराठी तत्त्वज्ञान महाकोश आला. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये ‘आजचा सुधारक’ सुरू करून विवेकवादाला मासिक मिळवून दिले. उणीव आहे ती आठवड्यातून एकदा एकत्र बसण्याची. वेळ नाही म्हणावे, तर याच लोकलमध्ये भजनी मंडळे वर्षानुवर्षे टिकली आहेत. व्हॉट्सॲपवर वाद होतातच, पण तिथे गट सोडला की माणूस सुटतो. गावातल्या गटात मतभेद झालेला माणूस उद्या फलाटावर भेटणार असतो, म्हणून जीभ आवरते आणि कान उघडे राहतात. लोकशाहीला लागणारी ही सवय मतदानाच्या एका दिवसात अंगी बाणत नाही.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती आहे. जवळच्या वाचनालयात एखादी खोली मागा. चर्चेसाठी निवडलेल्या एका पानाच्या झेरॉक्स काढा. आपल्याशी सहमत नसलेल्या दोघांना तरी मुद्दाम बोलवा आणि येत्या रविवारी सुरुवात करा.