श्वास मोजणारा माणूस



काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आलं. बाबासाहेबांनी ते पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये घेतलं. बायको बाळंतीण. श्वास लागलेला, बरगड्यांत कळा. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार नाही. तिला तान्ह्यासकट वस्तीबाहेर आणली. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं बायकोच्या. परत आला तोही तसाच, हातोहात. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. औषध पाठवलं. फी दिली होती तरी पुढं पुन्हा तपासायला आला नाही. बाई गेली.

आता विचार करा. डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं होतं. औषधही दिलं होतं. मग राहिलं काय? उपचार म्हंजे नेमकं काय?

हा प्रश्न जुना म्हणून टाकून देऊ नका. सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात तो आजही पडून आहे.

आपल्या आयाबाया ज्याला डबा म्हणतात, तोच हा रोग. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पाण्यापुवानं भरतात. पोर भराभरा श्वास घेतं, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते. दोन महिने ते वर्षाच्या पोराचे मिनिटाला ५० श्वास, वर्ष ते पाच वर्षांच्याचे ४०, तेवढे किंवा त्याहून जास्त झाले की समजायचं. पण समजायला अंगावरचा कपडा वर करून पुरं एक मिनिट छातीकडं बघत बसावं लागतं. पोर पीत नाही, झटके येतात, ग्लानीत आहे, रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली उतरला, म्हंजे खाट हवी. ॲम्पिसिलिन किंवा पेनिसिलिन, जोडीला जेंटामायसिन, निदान पाच दिवस. आणि ऑक्सिजन. यात सोन्यामोत्याचं काही नाही.

तरी ऑक्सिजनचीही गंमत बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत तो होता, पण भूल देण्यासाठी. रक्तात ऑक्सिजन कमी पडलेल्याचं औषध म्हणून तो २०१७ साली नोंदला गेला. तोवर धापणाऱ्या पोराला तो काय होता, वारा? पापुआ न्यू गिनीत पाच हॉस्पिटलांत ऑक्सिजनची यंत्रं आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं, तर न्यूमोनियाच्या शंभर पोरांमागं पाच मरत होती ती तीनवर आली. हे २००८ साली छापून आलंय.

मग ढाक्याची बाटली. व्हेंटिलेटर परवडत नाही म्हणून तिथल्या डॉ. चिश्ती यांनी शाम्पूच्या बाटलीत पाणी भरलं आणि पोराच्या उच्छ्वासाची नळी त्यात बुडवली. पाण्याच्या दाबानं फुप्फुसं मिटत नाहीत. याला बबल सीपॅप म्हणतात. २०१५ चा अहवाल : साध्या ऑक्सिजनवर ६७ पोरांत १० गेली, बाटलीवर ७९ पोरांत ३.

तुमच्यातले काही म्हणतील, श्रीमंताच्या पोराला व्हेंटिलेटर अन् आमच्या पोराला शाम्पूची बाटली? राग रास्त आहे. पण तो बाटलीवर काढू नका. मलावीकडं बघा. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात हाच बबल सीपॅप लावला. २०१९ साली निकाल आला : साध्या ऑक्सिजनवर शंभरात ११ पोरं गेली, सीपॅपवर १७. म्हंजे जास्त! ढाक्यात डॉक्टर-सिस्टर रात्रंदिवस खाटेशी. मलावीत अतिदक्षता विभाग नाही, डॉक्टरची रोजची देखरेख नाही. पोरंही फार अशक्त होती, हे खरं. पण देखरेख नसेल तर हे वापरू नका, असा धडा त्यातून निघाला.

यंत्रावरच विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. ऑक्सिमीटर काळ्या कातडीवर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. अमेरिकेतल्या मोठ्या माणसांवर हे २०२० साली पुन्हा दिसून आलं. यंत्रालाही रंग कळतो! तेव्हा ९२ दिसलं तरी छातीकडं बघावंच लागतं.

बघणारा पदवीवालाच पाहिजे असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना, सुइणींना श्वास ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की शेजारच्या गावांपेक्षा तिथं न्यूमोनियाचे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी. फक्त एक सावधगिरी. याचा आधार घेऊन सरकार म्हणेल, आशाताई आहे ना, मग वॉर्डात सिस्टर कशाला? आशाताई घरचं पोर वेळेत ओळखते. नाकात नळी घातलेलं पोर रात्रभर सांभाळणं हे तिचं काम नव्हे, आणि मानधनावर राबणाऱ्या बाईच्या डोक्यावर ते लादणं हा दुसरा अन्याय.

अस्पृश्यता म्हंजे हात न लावणं एवढंच आपण धरून बसलो. कुणाला दोष देता येऊ नये अशा बेतानं माणूस खाटेपासून लांब ठेवणं, हे कशात मोडतं? पंचेचाळीस पोरांच्या वॉर्डात एक सिस्टर असेल तर ती बिचारी कुणाचा श्वास मोजणार? तिनं टाळलं नाही. पण पोराच्या छातीकडं कुणी बघितलंही नाही.

म्हणून सिव्हिल सर्जनकडं निवेदन घेऊन जाल तेव्हा सिलिंडर किती, हे दुसऱ्या ओळीत लिहा. पहिल्या ओळीत विचारा : रात्री दोन ते पहाटे पाच मुलांच्या वॉर्डात पोरं किती असतात, जाग्या सिस्टर किती, आणि मंजूर असून रिकाम्या जागा किती. उत्तर लेखी मागा.