निकाहमधील होकार आणि नकार

निकाह ही दोन माणसांची खासगी बाब असताना त्यात वली, साक्षीदार, महर अशा अटी कशासाठी, असा प्रश्न आपल्या घरातील शिकलेली मुले-मुली आज विचारतात. वाचकहो, हा प्रश्न बेअदबी समजून त्यांना गप्प करू नये. त्याचे उत्तर आपल्या दीनमध्ये आहे आणि ते नीट ऐकले तर मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांनाच अधिक विचार करावा लागेल.

अज्ञानकाळातील अरबस्तानात बंधने नव्हती असे नाही. ती होती, पण दुर्बलांवर. पती मरण पावला की त्याचे वारस विधवेलाही मालमत्तेसारखे ताब्यात घेत. दिव्य कुरआनने सूरह अन्-निसामध्ये याला मनाई केली. महर खुशीने देण्याची आज्ञा दिली आणि पत्नीला ढीगभर संपत्ती दिलेली असली तरी तिच्यातून काही परत घेण्यास रोखले. निकाहला तेथे पक्का करार म्हटले आहे. अर्थात लगाम पडला तो बलवानाच्या हाताला. साक्षीदारही यासाठीच की, उद्या कोणी पत्नीला किंवा तिच्या मुलांना नाकारू नये.

आता हजरत बरीरा (रजि.) यांचा प्रसंग पाहा. त्या दासी होत्या. हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. गुलामीतच त्यांचा विवाह मुगीस (रजि.) नावाच्या गुलामाशी झालेला होता. मुक्त होताच तो विवाह ठेवण्याचा वा मोडण्याचा अधिकार त्यांना मिळाला आणि त्यांनी तो मोडला. मुगीस (रजि.) मदीनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत, अश्रू दाढीवर ओघळत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना त्यांची दया आली व त्यांनी बरीरांना परत जाण्याविषयी सुचविले. बरीरांनी विचारले की, ही आज्ञा आहे काय? आज्ञा नव्हे, केवळ शिफारस, असे उत्तर मिळाले. तेव्हा मला त्यांची गरज नाही, असे त्या स्पष्ट म्हणाल्या. विषय तेथेच संपला.

कालपरवापर्यंत दासी असलेली स्त्री, समोर अल्लाहचे प्रेषित, आणि तरीही तिच्या नकाराला कोणी अवज्ञा म्हटले नाही! आपल्याकडे मामूंची शिफारससुद्धा हुकूम होते.

खन्सा बिन्ते खिजाम (रजि.) यांचा पहिला विवाह पूर्वी झालेला होता. वडिलांनी त्यांचा निकाह त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला. त्यांनी प्रेषितांकडे (स.) तक्रार नेली आणि तो निकाह रद्द ठरविण्यात आला. कोकणातील शाफई कुटुंबांत वलीशिवाय निकाह होत नाही. हनफी मतानुसार सज्ञान स्त्रीने स्वतः केलेला निकाहही वैध ठरू शकतो. हा मतभेद जुना व आदरणीय आहे. परंतु वली म्हणजे राखणदार, मालक नव्हे.

नकाराची वाट बंद केली की काय होते, हे आपण पाहिलेले आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील हनफी स्त्रियांना बेपत्ता किंवा छळ करणाऱ्या पतीपासून सुटका जवळपास अशक्य झाली होती. काही स्त्रियांनी केवळ निकाह तुटावा म्हणून धर्म सोडल्याचे जाहीर केले. मौलाना अशरफ अली थानवी (रह.) यांनी या दुःखाची दखल घेऊन मालिकी मताच्या आधारे मार्ग दाखविला. पुढे 1939च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने पती 4 वर्षे बेपत्ता असणे, 2 वर्षे पोटगी न देणे, छळ करणे अशा कारणांवरून पत्नीला न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला.

आपल्या लग्नांत वकील दोन साक्षीदारांसह वधूची इजाजत घ्यायला आत जातो. तोवर देगी उतरलेल्या असतात, मंडपात पाहुणे बसलेले असतात, काजीसाहेब घड्याळ पाहत असतात. अशा वेळी कोणती मुलगी नाही म्हणेल? कुमारिकेचे मौन म्हणजे संमती, असे हदीसमध्ये आहे. पण ते लाजेचे मौन, भीतीचे नव्हे. खरा प्रश्न तारीख धरण्यापूर्वी, आईने किंवा तिच्या विश्वासातल्या फूफीने एकांतात विचारावा. उत्तर 'नको' असे आले, तर मुलाकडच्यांना तसा निरोप वडिलांनी स्वतः द्यावा, मुलीचे नाव पुढे न करता.