उधारीचे ऊन

आमच्या घरची तुळस गेल्या पावसाळ्यापासून झुरू लागली. पाने फिकट, फांद्या लांबट आणि लुळ्या. तिचा दोष नव्हता. पूर्वेला सोळा मजल्यांची इमारत उभी राहिली आणि आमच्या दारातल्या जिन्याच्या खिडकीत सकाळी येणारे ऊन कायमचे गेले. सासूबाई रोज पाणी घालीत आणि म्हणत, "पाण्यानं काय होणार? तिला उजेड हवाय."

चिरंजीवांनी झाडांसाठी मिळतो तो एल.ई.डी. दिवा आणला आणि शिकवण्याचा माझा धंदा मजवरच उलटवला. पान लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषते. हिरव्यातला काही भाग परत पाठवते, म्हणून ते हिरवे दिसते. भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स उजेड असतो. रात्री दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले तरी जेमतेम काही शे. आपल्या डोळ्यांना जे लख्ख वाटते, ती झाडाची उपासमार असते. हे मला नवीन होते.

दिवा लागला. तीन आठवड्यांत तुळशीला कोवळी पाने फुटली. सासूबाईंनी दिव्यालाही हळदकुंकू वाहिले.

आणि एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजी हातात कागद घेऊन आल्या. एकट्या राहतात, पेन्शन बेताची. म्हणाल्या, "बाई, तुम्ही मुलांना गणित शिकवता. जरा बघता का, जिन्याचं लाइटबिल एवढं का वाढलंय?"

मी कागद पाहिला आणि म्हटले, "पाण्याचा पंप जास्त चालला असेल, आजी." पंप खरोखरच जास्त चालला होता. पण आमच्या दिव्याची वायर जिन्यातल्या प्लगमध्ये होती, हे मी बोलले नाही. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले, तेव्हा त्याचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. आमचा रथ पहिल्यापासूनच जमिनीवर. तरीही त्या रात्री काहीतरी टेकल्यासारखे वाटले खरे.

मी हिशेब मांडला. दिवा २४ वॉटचा, रोज १० तास. म्हणजे महिन्याला ७.२ युनिटे. बिऱ्हाडे १२. प्रत्येकाच्या वाट्याला अवघे ०.६ युनिट. मन लगेच म्हणाले, एवढ्याशाने काय होते? पण वर्गात मुलाने दुसऱ्याची खोडरबराएवढी वस्तू उचलली, तरी मी त्याला 'एवढ्याशाने काय होते' असे म्हणत नाही. मन पुढे म्हणाले, आमचे ऊन कोणी विचारून नेले? खरे आहे, पण नेले इमारतीने, आणि मी वसूल करीत होते आजींकडून. अन्यायाची भरपाई आपण नेहमी जवळच्या दुबळ्याकडून करून घेतो. मन शेवटी म्हणाले, हे देवाकार्य आहे. त्यावर मात्र मलाच हसू आले. तुळशीने काही प्लग शोधला नव्हता.

बरे, वायर घरच्या मीटरला जोडली की प्रश्न संपला का? आपल्या राज्यातली बरीचशी वीज कोळशातून येते. चंद्रपूरकडच्या खाणींतला तो कोळसा म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेले ऊनच. ते जाळून मी माझ्या एका झाडाला ऊन देते. पैसे मी भरते; धूर मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येतो. बिल भरले म्हणजे सगळी देणी फिटतात असे नाही. म्हणून दिवा लावूच नये, असे मला वाटत नाही. पण ज्याची किंमत दुसराही मोजतो आहे, ते लागेल तेवढेच घ्यावे, इतके तरी कळावे. शिवाय झाडालाही रात्र हवी असते. शेवंतीला लांब रात्र मिळाली नाही तर ती फुलतच नाही, हे आता शास्त्रानेही सांगितले आहे. अखंड उजेड हा लाड नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आजींकडे गेले आणि सगळे सांगितले. तीन आठवड्यांचे पैसे पुढे ठेवले, म्हटले, "हे सगळ्यांच्या खात्यात भरते. तुम्हांला आधी सांगायला आले."

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, आता ऐकावे लागणार. मग त्या उठल्या, आत गेल्या आणि एक छोटी कुंडी घेऊन आल्या. मरव्याची. तोही उजेडाअभावी पार काडी झालेला.

"बाई, दिवा घरच्या वायरीवर घेताच आहात," त्या म्हणाल्या, "तर त्याच्याखाली एवढी जागा होईल का?"

आता वायर आमच्या दाराच्या फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी सहाला चिरंजीव बटण बंद करतात. दिवाळीत त्या खिडकीत पणती लागेल, आणि तिच्यात तेल यंदा आजी घालणार आहेत.